जगाची सोसायटी आणि चिंतामणराव देशमुख

बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, नगरच्या वाटेवर वसलेल्या कडा गावातील जुन्या पिढीला चलनाचा विनिमय म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नाही. आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा रुपया निराळा होता. त्याला हाली सिक्का म्हणत. हद्द ओलांडून नगरच्या पेठेत गेले की इंग्रजी अमलातील कलदार रुपया लागे. सात हाली रुपयांना साधारणपणे सहा कलदार, असा हिशेब असे. हा दर ठरविणारे हैदराबादेत आणि कलकत्त्यात बसलेले होते. बट्टा सोसणारा मात्र बाजाराला निघालेला शेतकरी होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

हाली सिक्का पुढे १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात चलनातून गेला, तेव्हा भारताच्या अर्थखात्याची सूत्रे चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या हाती होती. मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे बाणेदार मराठी अर्थमंत्री म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, आणि ती ओळख खरीच आहे. परंतु त्यापूर्वी बारा वर्षे, १९४४ साली, त्यांनी असाच एक प्रश्न जगाच्या पातळीवर हाताळला होता, याचे स्मरण फारसे केले जात नाही. नियम करताना ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना विचारावयाचे की नाही, असा तो प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रसंघाची सुरक्षा परिषद यांच्या पुनर्रचनेची चर्चा आज प्रत्येक जागतिक परिषदेत होते. अशा वेळी देशमुखांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचून पाहणे उपयुक्त ठरेल.

नाते ते रिझर्व्ह बँक

देशमुखांचे घराणे कुलाबा जिल्ह्यातील रोह्याचे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडनजीकच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिला होता. अर्थशास्त्राची पदवी नसलेला हा माणूस पुढे देशाचा सर्वांत मोठा बँकर झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वनस्पतीची पाने मोजताना लागणारी चिकाटी त्यांनी आकड्यांच्या कामात आणली, एवढाच त्याचा अर्थ.

मध्य प्रांत व वऱ्हाड येथे त्यांची उमेदीची वर्षे गेली. जमीनमहसूल आणि प्रांतिक अर्थव्यवहार यांचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४१च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर, अशा पायऱ्या ते चढले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत. मात्र हा मान ज्या वर्षी मिळाला ते वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचे होते. काही अंदाजांनुसार त्यात तीस लाखांच्या घरात माणसे मेली. चलनवाढीचे आणि महागाईचे हिशेब गव्हर्नरांच्या मेजावर रोज येत असताना त्या हिशेबांचा अर्थ कलकत्त्याच्या रस्त्यांवर दिसत होता.

लंडनमधील खाते

हे घडले कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढील भाग उमगणार नाही. महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून कापड, धान्य, ताग, पोलाद, सैन्याचे साहित्य अशा असंख्य वस्तू उचलल्या. त्यांची किंमत रोख मिळत नव्हती. लंडनमधील खात्यावर हिंदुस्थानच्या नावे पौंड जमा होत आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे रुपयाच्या नोटा छापी. वस्तू देशाबाहेर गेल्या किंवा सैन्याने वापरल्या. नोटा मात्र देशात राहिल्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. भाव भडकले आणि ज्याची मजुरी भावाबरोबर वाढली नाही, तो भुकेला राहिला.

एखाद्या मातब्बर माणसाने गावातील गरिबाच्या घरून धान्याची पोती न्यावीत, वहीत त्याच्या नावे रक्कम मांडावी आणि पैसे नंतर पाहू, असे सांगावे, तसाच हा प्रकार होता. युद्ध संपले तेव्हा या खात्यावर १३० कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दराने १,७०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम साचली होती. स्टर्लिंग शिल्लक या नावाने ती ओळखली जाते. शतकभर ऋणको असलेला हिंदुस्थान युद्धाच्या वर्षांत ब्रिटनचा धनको बनला होता. परंतु धनकोला आपल्याच पैशाचे डॉलर करून अमेरिकेतून यंत्रे आणण्याची मुभा नव्हती. ब्रिटनमधील काही मंडळी तर या कर्जात मोठी सूट मिळावी, असे बोलूही लागली होती.

ब्रेटन वुड्सचे तीन आठवडे

या पार्श्वभूमीवर जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्धोत्तर जगासाठी चलनाची नवी घडी बसवावी, हा तिचा हेतू होता. नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्थांचा जन्म येथे झाला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन हे इंग्रज गृहस्थ होते. सरकारचे आर्थिक सल्लागार सर थिओडोर ग्रेगरी हेही इंग्रजच. त्यांच्यासमवेत चिंतामणराव देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे तीन भारतीय होते.

हे शिष्टमंडळ कोणी निवडून पाठविले नव्हते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शिष्टमंडळ ब्रेटन वुड्सच्या डोंगराळ हॉटेलात बसले होते, त्या वेळी जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. कड्याच्या माणसाला नगरचा हा किल्ला परका नाही. देशाचे पुढारी गजाआड आणि देशाच्या वतीने सरकारने नेमलेले अधिकारी परदेशी, अशी ती विपरीत स्थिती होती. अशा स्थितीत या तिघांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

शिष्टमंडळाने तीन मागण्या रेटल्या. साचलेली स्टर्लिंग शिल्लक निदान काही प्रमाणात अन्य चलनांत बदलून मिळण्याची सोय नाणेनिधीच्या व्यवस्थेत असावी, ही पहिली. मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा पूर्ण वापर होण्यास साहाय्य करणे हे निधीच्या उद्दिष्टांत लिहिले जावे, ही दुसरी. हिंदुस्थानचा निधीतील वाटा त्याच्या आकाराला व व्यापाराला साजेसा असावा, ही तिसरी. पहिली मागणी फेटाळली गेली. हा ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यातील खासगी हिशेब आहे, असे बड्या राष्ट्रांचे मत पडले. ब्रिटन आपले ऋण प्रामाणिकपणे फेडील, असे आश्वासन केन्स यांनी दिले. नियमात मात्र काही आले नाही. दुसरी मागणी निधीच्या घटनेत हव्या त्या शब्दांत उतरली नाही. तथापि कमी विकसित देशांतील उत्पादक साधनांच्या विकासाला उत्तेजन, हे शब्द बँकेच्या उद्दिष्टांत आले आणि आजही तेथे आहेत.

वाट्याची गोष्ट मात्र सर्वांत बोधप्रद आहे. ज्याचा वाटा मोठा त्याची मते अधिक, असा नियम होता. अमेरिकेला २७५ कोटी डॉलर, ब्रिटनला १३० कोटी, सोव्हिएत युनियनला १२० कोटी, चीनला ५५ कोटी, फ्रान्सला ४५ कोटी आणि हिंदुस्थानला ४० कोटी, असे वाटे ठरले. ते राष्ट्रीय उत्पन्न, सोने व डॉलरचा साठा आणि परदेशी व्यापार यांच्या सूत्रावरून काढले आहेत, असे सांगण्यात आले. हे सूत्र बसविणारे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रेमंड मिकेसेल यांनी पन्नास वर्षांनंतर आपल्या आठवणींत खरी हकीकत सांगितली. पहिल्या चार राष्ट्रांचा क्रम आधी ठरला होता आणि त्याला जुळेल असे सूत्र शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. उत्तर आधी आणि गणित मागाहून!

ज्याचा पैसा त्याचा शब्द, असे समर्थन या व्यवस्थेसाठी नेहमी केले जाते. संस्था कर्ज देणार असेल तर कर्जाला पैसा पुरविणाऱ्याचे वजन अधिक असावे, या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु १९४४ साली हा न्यायही पाळला गेला नाही. त्या वर्षी ब्रिटन हिंदुस्थानचे ऋण लागत होता. तरीही ऋणको राष्ट्राला १३० कोटींचा वाटा आणि धनकोला ४० कोटींचा. पैशाच्या तराजूने तोलले असते तरी हिंदुस्थानचे पारडे इतके वर गेले नसते. वजन पैशाला नव्हतेच; सत्तेला होते.

मिळालेली आणि गेलेली खुर्ची

सर्वांत मोठे वाटे असलेल्या पाच राष्ट्रांना कार्यकारी मंडळावर आपला संचालक थेट नेमता येई. हिंदुस्थान सहावा होता. सोव्हिएत युनियनने डिसेंबर १९४५ अखेरपर्यंत करारास मान्यता दिली नाही. त्यामुळे हिंदुस्थान पाचवा झाला आणि त्याला हक्काची खुर्ची मिळाली. ती न्यायाने नव्हे, योगायोगाने मिळाली होती. १९७०च्या सुमारास जपानचा वाटा वाढला आणि ती गेली. त्यानंतर भारत काही शेजारी देशांसमवेत निवडून आलेल्या संचालकामार्फत तेथे बसू लागला. परिस्थितीच्या कृपेने मिळालेली जागा परिस्थिती पालटली की जाते. नियमाने मिळालेली टिकते. सुरक्षा परिषदेतील कायम जागेसाठी आज चाललेल्या प्रयत्नांतही हा भेद विसरून चालणार नाही.

देशमुखांनी मात्र हाती आलेल्या जागेचे सोने केले. दहा वर्षे ते या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते आणि १९५० साली पॅरिसला झालेल्या वार्षिक संयुक्त सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. भारताला जागतिक बँकेचे पहिले कर्ज १९४९ साली रेल्वेसाठी मिळाले. घरातही त्यांनी हिशेबाची घडी बसविली. फाळणीत रिझर्व्ह बँकेची मालमत्ता वाटली गेली आणि १९४८च्या मध्यापर्यंत ही एकच बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम करीत होती. तो अवघड काळ त्यांच्याच कारकिर्दीत निभावला गेला. भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, त्याच वर्षी ते अर्थमंत्री झाले होते. आपल्या देशाचे उत्पन्न, खर्च आणि दारिद्र्य यांचे विश्वसनीय आकडे हाती असल्यावाचून जगाच्या सभेत आपले म्हणणे उभे राहात नाही, हा ब्रेटन वुड्सचा धडा होता. १९५५ साली इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले. बँक ग्रामीण भागात पोहोचावी, हा त्यामागील एक मुख्य हेतू होता.

मुंबईचा प्रश्न आणि तेच सूत्र

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला. महाराष्ट्रात आगडोंब उसळला आणि मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात माणसे बळी पडली. कुलाबा जिल्ह्याचे खासदार असलेल्या देशमुखांनी राजीनामा दिला. तो जुलैमध्ये अमलात आला. मुंबई महाराष्ट्राची आहे, ही त्यांची भूमिका सर्वज्ञात आहे. परंतु लोकसभेतील त्यांच्या निवेदनाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा होता. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता एवढा मोठा निर्णय जाहीर होणे ही मंत्रिमंडळ पद्धतीची पायमल्ली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. गोळीबाराच्या चौकशीची मागणीही त्यांनी केली होती. नेहरूंविषयी त्यांच्या मनात आदर होता. तरीही पद्धतीचा भंग त्यांनी खपवून घेतला नाही.

वाचकांच्या लक्षात येईल की ब्रेटन वुड्स आणि मुंबई या दोन प्रसंगांत एकच सूत्र आहे. निर्णय कदाचित योग्यही असेल, परंतु ज्यांच्या अंगावर तो पडणार त्यांना विचारले गेले पाहिजे. १९४४ साली देशमुख सभेत राहून लढले, कारण बाहेर पडणाऱ्याला म्हणणे मांडण्यास जागाच उरली नसती. १९५६ साली ते बाहेर पडले, कारण आत राहणे म्हणजे न विचारता घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी पत्करणे ठरले असते. केव्हा राहावयाचे आणि केव्हा उठावयाचे, हा विवेक त्यांच्यापाशी होता. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ यांची धुरा वाहिली. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली आणि तीत ते पराभूत झाले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

आजचा हिशेब

देशमुखांना जाऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला. ब्रेटन वुड्सला ४४ राष्ट्रे जमली होती; आज नाणेनिधीचे सभासद १९० च्या पुढे गेले आहेत. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत. म्हणजे एकट्या अमेरिकेच्या नकाराने घटनादुरुस्ती अडते. २०१० साली मान्य झालेल्या सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या संमतीअभावी २०१६ पर्यंत रखडल्या, हे त्याचेच उदाहरण. भारताची मते सुमारे २.६ टक्के आहेत. क्रयशक्तीच्या मापाने जगाच्या उत्पादनातील त्याचा हिस्सा याच्या दुपटीहून पुष्कळ अधिक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये वाटे पन्नास टक्क्यांनी वाढविण्याचे ठरले, पण सर्वांचे सारख्याच प्रमाणात; म्हणजे मतांची वाटणी जेथल्या तेथे. निधीचा प्रमुख युरोपीय आणि बँकेचा अध्यक्ष अमेरिकी नागरिक, हा अलिखित संकेतही चालू आहे. २०२३ साली बँकेचे अध्यक्ष झालेले अजय बंगा पुण्यानजीक खडकीत जन्मले, ही आनंदाची गोष्ट खरी. पण त्यांची निवड अमेरिकेच्या शिफारशीने झाली, हेही तितकेच खरे.

याचे परिणाम कागदोपत्री राहात नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, निधीने सुमारे ६५,००० कोटी डॉलरचे विशेष उचल अधिकार वाटले. वाटणी वाट्याच्या प्रमाणात झाल्याने मोठा भाग ज्यांना गरज नव्हती त्या श्रीमंत देशांकडे गेला. आफ्रिका खंडाच्या पदरात अवघा वीसावा हिस्सा पडला. १९९१ साली भारताला सोने परदेशी गहाण ठेवावे लागले आणि निधीच्या दारी जावे लागले. त्यानंतर रुपयाचा दर, खताचे अनुदान, आयातीची धोरणे बदलली. त्यांतील काही बदल आवश्यकही होते. परंतु कड्याच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या खताची आणि डिझेलची किंमत ज्या चर्चेत ठरत गेली, तीत त्याचा प्रतिनिधी याचक म्हणून बसला होता.

सुधारणेची दिशा गावच्या माणसाला परकी वाटू नये. कंपनीत जितके भाग तितकी मते असतात. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. ब्रेटन वुड्सने या दोहोंचे मिश्रण केले होते. प्रत्येक राष्ट्राला २५० मूळ मते आणि त्यावर दर एक लाख डॉलरच्या वाट्यामागे एक मत. प्रारंभी मूळ मतांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. वाटे वाढत गेले, मूळ मते तेवढीच राहिली आणि हे प्रमाण २ टक्क्यांवर आले. २००८ साली झालेल्या निर्णयानुसार ते साडेपाच टक्क्यांवर स्थिर करण्यात आले. म्हणजे सोसायटी जवळजवळ बुडाली आणि कंपनी उरली. मूळ मतांचे प्रमाण किमान आरंभीच्या पातळीवर नेणे, वाट्याचे सूत्र उघडपणे ठरवून ठरावीक मुदतीने आपोआप लागू करणे, एका राष्ट्राला नकाराधिकार मिळणार नाही अशी बहुमताची अट ठेवणे आणि प्रमुखांची निवड गुणांवर करणे, या चार गोष्टी अशक्य नाहीत. बडे देनेकरी यामुळे संस्था सोडून जातील, अशी भीती घातली जाते. परंतु ज्यांना न्याय मिळत नाही ते देशही बाहेर पर्याय शोधतात, हे गेल्या काही वर्षांत दिसलेच आहे. आणि संस्था फुटली तर नुकसान दुबळ्यांचे अधिक होते.

एक गोष्ट भारतालाही स्वतःला विचारावी लागेल. आज तो नुसता कर्ज मागणारा राहिलेला नाही. २०२२च्या संकटात श्रीलंकेला त्याने मोठे साहाय्य दिले. २०२३ साली त्याच्याच अध्यक्षतेखाली आफ्रिकी संघाला जी-२० गटात सभासदत्व मिळाले. १९४४ साली ब्रिटनने आपल्याशी जसे वर्तन केले, तसे आपण लहान शेजाऱ्यांशी करणार नाही, याची खात्री आपल्या आचरणातून पटली पाहिजे. केवळ आपल्याला एक खुर्ची मिळाली म्हणजे सुधारणा झाली, असे मानले तर १९४६ची योगायोगाची खुर्ची आणि ही खुर्ची यांत फरक उरणार नाही.

गावच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतला अल्पभूधारक उठून ताळेबंदातील एखादी रक्कम विचारतो, तेव्हा चेअरमनला उत्तर द्यावे लागते. पुष्कळदा ते नीट दिले जात नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण विचारण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारीत नाही. जगाच्या सोसायटीत तेवढा हक्क मिळविण्याचे काम देशमुखांनी १९४४ साली आरंभिले होते. ते अद्याप अपुरे आहे.